छायाचित्ररचनेतील संतुलन

छायाचित्ररचनेतील संतुलन : छायाचित्राच्या चौकटीतील आकृती, रेषा, छटा, रंग व मोकळ्या जागा यांची परस्परांशी अशी मांडणी, की तीमुळे चित्र कोणत्याही एका बाजूस कलल्याचा भास होत नाही व त्यातील कोणताही घटक जागचा हलविल्यास काहीतरी बिघडेल असे पाहणाऱ्यास वाटते, तिला संतुलन किंवा समतोल असे म्हणतात. चित्रकला, शिल्प, वास्तुकला व मुद्रणकला यांतही हा गुण महत्त्वाचा मानला जातो. तथापि छायाचित्रणात त्याचे स्वरूप काहीसे वेगळे असते. चित्रकार कोऱ्या फलकावर हवी ती वस्तू हव्या त्या जागी रंगवू शकतो. छायाचित्रकाराला मात्र समोर असलेल्या, बहुधा त्याच्या इच्छेची पर्वा न करणाऱ्या जगातून एक चौकोन निवडावा लागतो. चित्रकार घटक जुळवीत जातो, तर छायाचित्रकार नको ते वगळीत जातो. त्यामुळे कॅमेरा कोठे ठेवावा, केव्हा कळ दाबावी आणि चौकटीची कड कोठे यावी, या तीन निर्णयांवरच त्याच्या चित्राचा समतोल मुख्यतः अवलंबून असतो.

दृश्यभार : चौकटीतील प्रत्येक घटक पाहणाऱ्याचे लक्ष कमीअधिक प्रमाणात ओढून घेतो. या ओढीला दृश्यभार ही संज्ञा सोयीसाठी वापरली जाते. हा भार वस्तूच्या प्रत्यक्ष वजनावर अवलंबून नसतो. चित्रात डोंगर हलका वाटू शकतो आणि त्याच्या पायथ्याशी असलेला माणूस जड वाटू शकतो. आकारमान, पार्श्वभूमीशी असलेला छटांचा विरोध, रंगाची तीव्रता, रेखीवपणा, एकटेपणा आणि चौकटीतील स्थान या गोष्टींवर हा भार ठरतो. गडद वस्तू नेहमीच जड असते, हा समज अपुरा आहे. पांढऱ्या वाळवंटावर काळा उंट जड वाटेल, परंतु काळोख्या खोलीत उघड्या खिडकीचा पांढरा चौकोन तितकाच जड वाटेल. तेव्हा भार येतो तो काळेपणामुळे नव्हे, तर विरोधामुळे. अस्पष्ट आकृतीपेक्षा रेखीव आकृती, गर्दीतल्या माणसापेक्षा एकटा माणूस व फिकट निळ्यापेक्षा भडक तांबडा रंग अधिक लक्ष वेधतो. चौकटीच्या वरच्या भागातील वस्तू खालच्या भागातील तेवढ्याच वस्तूपेक्षा जड भासते. म्हणून वरच्या कोपऱ्यात अनवधानाने आलेला पांढऱ्या आभाळाचा तुकडा संपूर्ण चित्र बिघडवू शकतो.

या दृश्य कारणांबरोबर अर्थामुळे येणारा भारही असतो. मानवी चेहरा, विशेषतः डोळे, कितीही लहान असले तरी नजर खेचून घेतात. अक्षरांचेही तसेच. रस्त्यावरील दृश्यात दुकानाची पाटी आली की साक्षर माणूस ती वाचल्यावाचून राहत नाही. पण ती लिपी न जाणणाऱ्याच्या दृष्टीने ती केवळ एक नक्षी असते. एकाच चित्राचा समतोल दोन पाहणाऱ्यांना वेगवेगळा वाटू शकतो, याचे हे साधे उदाहरण होय. चित्रातील व्यक्ती ज्या दिशेस पाहते त्या दिशेलाही भार प्राप्त होतो, मग तेथे काही नसले तरी चालते. धावणाऱ्या, पाहणाऱ्या किंवा बोट दाखविणाऱ्या आकृतीपुढे मोकळी जागा सोडावी, हा संकेत त्यातूनच आला आहे.

सममित संतुलन : मध्यातून जाणाऱ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंस सारखे घटक सारख्या अंतरावर असले, म्हणजे सममित संतुलन साधते. ठिपक्यांच्या रांगोळीत, देवळाच्या दर्शनी भागात किंवा शाळेच्या वार्षिक समूहचित्रात ते सहज दिसते. समूहचित्रात मध्यभागी खुर्चीवर मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षक आणि मागे उंचीप्रमाणे विद्यार्थी, ही मांडणी केवळ सोयीची नाही; ती अधिकाराचा क्रमही सांगते. दरबारी व राजघराण्यांच्या छायाचित्रांतही हीच मांडणी वारंवार वापरली गेली. सममिती स्थैर्य, शांतता व प्रतिष्ठा सूचित करते. मात्र ती सोपी असते, हा गैरसमज आहे. आग्र्याच्या ताजमहालाचे छायाचित्र प्रवेशद्वाराकडून घेताना कॅमेरा बागेतील जलप्रवाहाच्या मध्यरेषेपासून थोडा जरी ढळला, तरी दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांमधील अंतरांत फरक पडतो आणि डोळा तो ताबडतोब टिपतो. जवळजवळ सममित चित्र उघड असमतोल चित्रापेक्षा अधिक खटकते, कारण त्यात हेतू दिसतो पण सिद्धी दिसत नाही. खुद्द ताजमहालात मुमताजमहलची समाधी बरोबर अक्षावर आहे आणि शाहजहानची मोठी समाधी तिच्या पश्चिमेस आहे. एवढ्या काटेकोर वास्तूत हाच एक ठळक अपवाद असल्याने आत जाणाऱ्याची नजर तिच्याकडे वळते. छायाचित्रकारही सममित दृश्यात एखादी व्यक्ती किंवा पक्षी मध्यापासून दूर घेऊन हाच परिणाम साधतात.

असममित संतुलन : यात दोन्ही बाजूंचे घटक भिन्न असतात, परंतु त्यांचे भार परस्परांना तोलतात. यासाठी तरफेची उपमा देण्याची प्रथा आहे. अमेरिकन चित्रकार हेन्री रँकिन पुअर याने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या चित्ररचनेवरील ग्रंथात, आखूड व लांब दांड्यांच्या काट्याचे तत्त्व चित्रास लावून दाखविले. चौकटीचा मध्य हा टेकू मानला, तर मध्याजवळच्या मोठ्या वस्तूस मध्यापासून दूर असलेली लहान वस्तू तोलू शकते. ३० सेंमी. रुंदीच्या चित्रात मध्यापासून ४ सेंमी. अंतरावर एक झाड असेल, तर विरुद्ध बाजूस १२ सेंमी. अंतरावर असलेली, झाडाच्या एकतृतीयांश भाराची होडी त्यास पुरेशी ठरेल, असा हा हिशेब आहे. शिकाऊ छायाचित्रकारास तो उपयोगी पडतो. परंतु झाडाचा व होडीचा भार मोजण्याचे कोणतेही परिमाण नसल्याने तो खरा हिशेब नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याच वर्षी एथेल पफर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने हार्व्हर्ड येथील प्रयोगशाळेत केलेले सममितीविषयक प्रयोग प्रसिद्ध झाले. काळ्या पृष्ठावर एक रेषा स्थिर ठेवून दुसरी रेषा डोळ्यास बरी वाटेल तेथे सरकवावी, असे प्रयोगातील व्यक्तींना सांगण्यात आले होते. त्यांच्या निवडींत यांत्रिक समतोल काही अंशी आढळला. पण वस्तूची दिशा, तिच्याविषयी वाटणारे कुतूहल व चित्रात दिसणारी खोली यांचाही भार जमेस धरावा लागतो, असे दिसून आले. पुढे रूडॉल्फ आर्नहाइम (१९०४–२००७) या जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मधील आपल्या कला व दृक्‌संवेदन यांवरील ग्रंथात समतोलाचा विचार समष्टिवादी मानसशास्त्राच्या आधारे मांडला. चौकट ही रिकामी नसून तिच्यात मध्य, कोपरे व कर्ण यांच्या ठिकाणी ओढ असलेले एक अदृश्य क्षेत्र असते, असे त्याचे प्रतिपादन होते. कलाविद्यालयांतून या ग्रंथाचा प्रभाव फार मोठा राहिला.

डावी व उजवी बाजू : तरफेच्या उपमेत दोन्ही बाजू समान मानलेल्या असतात, डोळ्याच्या दृष्टीने मात्र त्या समान नाहीत. स्विस कलेतिहासकार हाइन्‌रिख व्हल्फलिन (१८६४–१९४५) याने पारदर्शिका उलटी दाखविली गेली की चित्राचा परिणाम बदलतो, या नित्याच्या अनुभवावरून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा चढती वाटते व तीच उलट केल्यास उतरती वाटते. याचा संबंध वाचनाच्या सवयीशी असावा असे मानतात. फ्रेंच व हिब्रू वाचकांवरील २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही गटांची पसंती आपापल्या लिपीच्या दिशेनुसार वेगळी आढळली. तेव्हा देवनागरी वाचणारा आणि उर्दू वाचणारा हे दोघे एकाच चित्राचा तोल सारखाच अनुभवतील, असे गृहीत धरता येत नाही. रचनेच्या पाठ्यपुस्तकांतून या गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष झालेले आहे.

ऐतिहासिक आढावा : छायाचित्रणाच्या आरंभी रचनेचे नियम चित्रकलेकडून जसेच्या तसे घेतले गेले. ऑस्कर गुस्टाव्ह रेलँडर (१८१३–७५) याने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य रूपकात्मक चित्र तयार केले. त्यात मध्यभागी एक वृद्ध पुरुष, त्याच्या एका बाजूस सदाचाराचा व दुसऱ्या बाजूस दुराचाराचा मार्ग धरणारा तरुण, आणि त्या त्या बाजूस तशाच आकृतींचे समूह आहेत. हेन्री पीच रॉबिन्सन (१८३०–१९०१) याने त्याच मार्गाने जाऊन १८५८ मध्ये मृत्युशय्येवरील तरुणीचे चित्र पाच निगेटिव्हांतून जुळविले. १८६९ मधील त्याच्या ग्रंथात रेषांच्या समतोलाची सविस्तर चर्चा असून, एका दिशेने झुकलेल्या कर्णरेषेस विरुद्ध दिशेच्या रेषेने किंवा योग्य जागी ठेवलेल्या लहानशा गडद ठिपक्याने आधार द्यावा, असा उपदेश आहे. ग्रंथ अनेक वर्षे वाचला गेला. पण त्याबरोबर निसर्गात न सापडणारा समतोल कात्री व डिंक यांनी निर्माण करण्याची वृत्तीही बळावली. तिच्याविरुद्ध पीटर हेन्री एमर्सन (१८५६–१९३६) याने १८८९ मधील आपल्या पुस्तकात कडाडून टीका केली. रचना ही निसर्गातच पाहावयाची असते, नियमांच्या साच्यातून ओतावयाची नसते, असा त्याचा आग्रह होता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा वाद एका नव्या वळणावर आला. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्स (१८६४–१९४६) याने १९०७ मध्ये यूरोपला जाणाऱ्या जहाजावरील कनिष्ठ वर्गाच्या प्रवाशांचे छायाचित्र घेतले. अनेकजण ते अमेरिकेत येणाऱ्या निर्वासितांचे समजतात. वास्तविक जहाज उलट दिशेने चालले होते. आडवा जाणारा पांढरा पूल, डावीकडे झुकलेले धुराडे, उजवीकडचा जिना, वरच्या मजल्यावरील माणसाची गवती टोपी व खालच्या पुरुषाच्या पाठीवरील पट्ट्यांची फुली यांच्या परस्परसंबंधाने आपण थबकलो, असे त्याने नंतर लिहिले आहे. त्याच्याजवळ एकच काच शिल्लक होती. या चित्रात मुख्य विषय असा एक नाही आणि मध्यही नाही. पूल चित्राचे दोन भाग करतो आणि वरच्या व खालच्या वर्गांतील माणसे त्याच्या दोन्ही अंगांस उभी राहतात. आकारांचा समतोल आणि समाजातील दुभंग हे एकाच रेषेने व्यक्त होतात.

तृतीयांशाचा नियम : चौकटीची रुंदी व उंची प्रत्येकी तीन समान भागांत विभागून मुख्य घटक त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदांवर ठेवावेत, हा नियम सर्वांत लोकप्रिय आहे. इंग्रज चित्रकार जॉन टॉमस स्मिथ याने १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांविषयीच्या पुस्तकात त्यास हे नाव दिले. बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांच्या व मोबाइल दूरध्वनींच्या पडद्यावर या रेषा आखून दाखविता येतात. सुवर्णविभागाशी त्याचे नाते जोडण्याची पद्धत आहे. परंतु ३६ मिमी. रुंदीच्या फिल्मवर तृतीयांश १२ मिमी. वर येतो, तर सुवर्णविभाग सुमारे १३·७५ मिमी. वर येतो. म्हणजे दोन्ही एक नव्हेत. या नियमाचा खरा उपयोग एवढाच, की सर्व काही मध्यभागी ठेवण्याच्या नवशिक्याच्या सवयीस तो आळा घालतो. क्षितिजरेषा चौकटीच्या मध्यातून नेऊ नये, या संकेताचेही तसेच आहे. शांत पाण्यातील प्रतिबिंब हाच विषय असेल, तर ती मध्यातूनच जावी.

समतोल साधण्याची साधने : यांतील सर्वांत प्रभावी साधन म्हणजे छायाचित्रकाराचे पाय. ५० मिमी. नाभीय अंतराच्या भिंगापासून २ मी. अंतरावर एक खांब व ५० मी. अंतरावर एक देऊळ आहे, असे मानू. कॅमेरा केवळ ३० सेंमी. बाजूस सरकविला, तर फिल्मवरील खांबाची प्रतिमा सुमारे ७·५ मिमी. सरकते, ही चौकटीच्या रुंदीची एकपंचमांश जागा झाली. देवळाची प्रतिमा मात्र ०·३ मिमी. एवढीच सरकते. अर्ध्या पावलाने खांब देवळाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाऊ शकतो. गुडघ्यावर बसल्याने किंवा ओट्यावर चढल्याने तोच परिणाम उभ्या दिशेत मिळतो. भिंग बदलल्याने मात्र दृश्याचे कमीअधिक क्षेत्र चौकटीत येते; जागा तीच राहिली तर वस्तूंचे परस्परसंबंध बदलत नाहीत. हा भेद न उमगल्यामुळे अनेक हौशी छायाचित्रकार भिंगांवर खर्च करतात आणि जागचे हलत नाहीत.

दुसरे साधन म्हणजे वाट पाहणे. रचना एका बाजूस अपुरी असेल, तर त्या बाजूने सायकलस्वार, गाय किंवा ढगाची सावली येईपर्यंत थांबता येते. तिसरे साधन म्हणजे क्षेत्राची तीक्ष्णता कमीअधिक करणे. नको असलेली पार्श्वभूमी धूसर केली की तिचा भार घटतो. चौकटीचे प्रमाणही विचारात घ्यावे लागते. १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्याची २४ × ३६ मिमी. ची लांबट चौकट डावी-उजवी मांडणी सुचविते, तर १९२९ च्या रोलायफ्लेक्सची ६ × ६ सेंमी. ची चौरस चौकट मध्यवर्ती मांडणीस अनुकूल ठरते.

समतोल पारखण्याची एक जुनी युक्ती अशी, की चित्र उलटे धरून पाहावे. त्यामुळे माणसे, घरे, झाडे ही ओळखीची नावे गळून पडतात आणि केवळ आकार व छटा उरतात. मोठ्या आकाराच्या तिपाईवरील कॅमेऱ्यात घासलेल्या काचेवर प्रतिमा मुळातच उलटी दिसते, व रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात तिच्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल होते. नवशिक्यास हा त्रास वाटतो. मुरलेले छायाचित्रकार त्यास लाभ मानीत. डोळे किलकिले करून पाहिल्यानेही तपशील विरून छटांचे मोठे पुंज तेवढे दिसतात.

छपाईतील समतोल : ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) याचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरील चंद्रोदयाचे छायाचित्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. दिवसभर मनासारखे काम न झाल्याने तो मोटारीने सांता फेकडे परतत असता रस्त्याच्या कडेला त्यास हे दृश्य दिसले : मावळत्या सूर्याच्या शेवटच्या उजेडात दफनभूमीतील पांढरे क्रूस, त्यामागे चर्च व घरे, दूर बर्फाच्छादित डोंगर व ढगांचा पट्टा आणि वर चंद्र. ८ × १० इंची कॅमेरा घाईने उभारल्यावर प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राची तेजस्विता दर चौ. फुटास २५० कँडेला असते, या स्मरणातल्या आकड्यावरून त्याने प्रकाशन ठरविले आणि भिंगाच्या एफ/३२ छिद्राने एक सेकंदाचे चित्र घेतले. दुसरे घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन गेले. ॲडम्सने तारीख नोंदविली नव्हती व तो वेगवेगळी वर्षे सांगत असे. अखेर चंद्राच्या स्थानावरून ज्योतिर्गणिताने १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित करण्यात आली.

या चित्रात निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या आकाशाने व्यापली आहे आणि सर्व तपशील खालच्या भागात दाटला आहे. नियमाप्रमाणे ते खालच्या बाजूस फार जड व्हावयास हवे. पण चंद्राचे बिंब लहान असूनही एकटे, तेजस्वी व गडद पार्श्वभूमीवर असल्याने क्रुसांच्या संपूर्ण रांगेस तोलून धरते. हा समतोल निगेटिव्हमध्ये पूर्णपणे नव्हता, हे महत्त्वाचे. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे असून त्यात फिकट ढग दिसतात. त्यांत चंद्राचा भार कमी पडतो. निगेटिव्हचा खालचा भाग विरळ उतरल्याने १९४८ मध्ये ॲडम्सने रासायनिक क्रियेने त्याची घनता वाढविली. पुढे छपाईच्या वेळी वरच्या भागास अधिक प्रकाश देत देत त्याने आकाश जवळजवळ काळे केले. सुमारे चार दशकांत त्याने या एका निगेटिव्हच्या हजाराहून अधिक प्रती काढल्या. नंतरच्या प्रतींतील काळोख काहींना नाट्यमय व अतिरेकी वाटतो. मात्र दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्यास, एकही वस्तू न हलविता केवळ छटा बदलून भार कसा हलविता येतो, हे स्पष्ट होते.

असमतोलाचा उपयोग : समतोल हा गुण असला, तरी पूर्ण स्थैर्य हे प्रत्येक चित्राचे उद्दिष्ट नसते. रशियन कलावंत अलेक्सांद्र रोदचेन्को (१८९१–१९५६) याने कॅमेरा तिरका धरून, तसेच उंचावरून किंवा अगदी खालून चित्रे घेतली. १९३० मधील त्याच्या एका चित्रात मूल घेऊन पायऱ्या चढणारी स्त्री आहे. पायऱ्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या संपूर्ण चौकटीतून तिरप्या जातात आणि ती एकटी आकृती त्यांना आवरून धरते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) याचे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागील १९३२ चे चित्र तर सर्वश्रुत आहे. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा मनुष्य उजव्या कडेजवळ असून त्याच्यापुढे फारच थोडी जागा आहे. म्हणजे धावत्या आकृतीपुढे मोकळी जागा सोडण्याचा संकेत येथे सरळ मोडला आहे. त्याची भरपाई पाण्यातील प्रतिबिंबाने आणि मागच्या भिंतीवरील जाहिरातीतल्या, उलट दिशेने झेप घेणाऱ्या नर्तकीने केली आहे. माणसाची टाच पाण्याला अजून लागलेली नाही. ती लागल्यावर तोल आणि कुतूहल ही दोन्ही संपली असती. आंद्रे लोत या चित्रकाराकडे रचनेचे कडक शिक्षण घेतलेल्या कार्त्ये-ब्रेसाँचा चित्र छाटण्यास विरोध होता. मात्र हेच चित्र त्याने फळ्यांच्या फटीतून घेतल्याने डाव्या बाजूस फळी आली होती व ती छाटावी लागली.

भारतीय रस्ता, बाजार व घाट यांच्या बाबतीत एक मुख्य विषय व त्यास तोलणारा दुसरा ही कल्पना अपुरी पडते. रघुबीर सिंग (१९४२–९९) यांच्या रंगीत छायाचित्रांत अनेक केंद्रे एकाच वेळी नांदतात. कडेवर अर्धवट कापली गेलेली माणसे, आरशांतील व दुकानांच्या काचांतील प्रतिबिंबे आणि तेजस्वी रंगांचे तुकडे चौकटभर विखुरलेले असतात. त्यांच्या मृत्यूनंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात अँबॅसडर मोटारीच्या खिडक्या, दारे व आरसे यांनीच चौकटीचे विभाग पाडले आहेत. अशा चित्रांत तराजूची दोन पारडी शोधू गेल्यास हाती काही लागत नाही; त्यांचा समतोल गालिच्यासारखा सर्वत्र पसरलेला असतो.

प्रायोगिक पुरावा : रचनेची पुस्तके पाहणाऱ्याची नजर अमुक रेषेवरून अमुक बिंदूकडे जाते असे निःशंकपणे सांगतात. डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदी मात्र या विधानास फारसा आधार देत नाहीत. अमेरिकन संशोधक गाय बझ्‌वेल याने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींत नजर माणसांवर व चेहऱ्यांवर वारंवार थांबते, पण रेषांचा मागोवा नेमाने घेत नाही, असे आढळले. रशियन शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बुस याने तर एकच चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले, तेव्हा प्रत्येक प्रश्नागणिक नजरेचा मार्ग बदलला. २०११ मध्ये मॅक्‌मॅनस व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडन येथे केलेल्या अभ्यासात, छायाचित्रातील गडद-उजळ भागांचा गुरुत्वमध्य काढून आर्नहाइमची कल्पना तपासली असता तिला पुष्टी मिळाली नाही. तथापि यावरून समतोल हा केवळ भ्रम ठरत नाही. तो छटांच्या बेरजेने मोजता येत नाही आणि त्यात अर्थाचा वाटा मोठा आहे, एवढेच यावरून म्हणता येते.

समतोल व सत्यता : रचनेच्या समतोलासाठी वास्तवात किती ढवळाढवळ करावी, हा रॉबिन्सनच्या काळापासूनचा प्रश्न संगणकामुळे अधिक तीव्र झाला. *नॅशनल जिऑग्राफिक* मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर गीझा येथील पिरॅमिडांचे छायाचित्र होते. मूळ चित्र आडवे असल्याने ते उभ्या मुखपृष्ठात बसविण्यासाठी दोन पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ आणले गेले. छायाचित्रकार काही अंतर बाजूस सरकला असता तर असेच दिसले असते, असे समर्थन त्या वेळी करण्यात आले. वर दिलेल्या खांबाच्या व देवळाच्या उदाहरणावरून या युक्तिवादातील उणीव दिसून येते : कॅमेरा सरकला, की जवळच्या उंटांपासून दूरच्या शिखरापर्यंत सर्वच वस्तूंचे संबंध बदलतात, केवळ दोन पिरॅमिड जवळ येत नाहीत. मासिकाच्या संपादकांनी कालांतराने ही चूक असल्याचे मान्य केले. ओहायओतील केंट येथील विद्यापीठात ४ मे १९७० रोजी झालेल्या गोळीबाराच्या प्रसिद्ध छायाचित्रात, मृत विद्यार्थ्याशेजारी गुडघे टेकलेल्या मुलीच्या डोक्यामागे कुंपणाचा एक खांब उभा दिसतो. १९९५ मध्ये एका मोठ्या अमेरिकन नियतकालिकाने छापलेल्या प्रतीत तो खांब नाहीसा झालेला होता. रचनेच्या दृष्टीने ती सुधारणाच होती आणि म्हणूनच बराच काळ ती कोणाच्या लक्षात आली नव्हती.

याउलट, चौकटीची कड आत घेणे व छटा मर्यादित प्रमाणात कमीअधिक करणे यांना वृत्तछायाचित्रणातही मुभा आहे. जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धांच्या नियमांनुसार चित्रातील आशय वाढविणे, हलविणे किंवा पुसणे निषिद्ध असते. २०१० मध्ये अशाच एका स्पर्धेत, हाताच्या बोटांमागे दिसणारा पायाचा लहानसा भाग पुसल्याच्या कारणावरून पारितोषिकप्राप्त चित्रमालिका बाद करण्यात आली. तो भाग चित्राच्या आशयाशी संबंधित नव्हता; तो केवळ खटकत होता. २०२३ पासून सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी चौकटीच्या बाहेरचा, कधीही अस्तित्वात नसलेला भाग जोडता येतो आणि एका बाजूस जड झालेल्या चित्राला दुसऱ्या बाजूस हवे तेवढे आकाश पुरविता येते. जाहिरात किंवा कल्पनाचित्र यांत त्यास आक्षेप नाही. वृत्तचित्रात मात्र एका कडेस अडलेली, अपुरी, कललेली चौकट ही छायाचित्रकार कोठे उभा होता व त्याला किती दिसू शकले याची साक्ष असते. ती सावरली की चित्र सुधारते आणि साक्ष नाहीशी होते.